चंद्रीच्या मागोमाग

मुंबईची माणसं डोंगर चढायला येणार, हे भागूबाईला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं सरळ विचारलं, त्यांचं वर काय हरवलंय? मीठमिरची संपली की माणूस डोंगर उतरतो, पिशवी भरली की पुन्हा चढतो, एवढंच तिला ठाऊक. जनावर चुकलं तर कड्यापर्यंत जावं, गवत कापायचं तर उतारावर जावं. पण काही काम नसताना रात्रभर एस.टी.त अंग आंबवून यायचं, डोंगर चढायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच डोंगर उतरून परत जायचं, याला काय म्हणतात? पोलादपूरच्या स्टँडासमोरचा मुरारी हॉटेलवाला म्हणाला, याला ट्रेकिंग म्हणतात, आणि सुट्टी मिळाली की शिकली-सवरलेली माणसं हेच करतात. भागूबाईनं तुपाची बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, असेल बाबा, आमाला सुट्टीच नाय, मंग कळणार कसं.

भागूबाईची वाडी कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या अगदी माथ्यावर. घरं बोटावर मोजण्याएवढी, म्हशी मात्र घराला चार-पाच. पायथ्याच्या गावापर्यंत एस.टी. यायची, तीही तिच्या मनात आलं तर. पुढे पायवाट. नवरा सोनबा गवताच्या उडवीवरून पडला तेव्हापासून एका गुडघ्यानं अधू. तो ओट्यावर बसून दोर वळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलण्यात अडकवायचा. नाचणी-वरीचं शेत, म्हशी, बाजारहाट, सगळं भागूबाईच्या डोक्यावर. एकुलता एक मुलगा विनोद मुंबईला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, दोन दिवस राहायचा, आणि गेला की सोनबा आठवडाभर दोर वाकडा वळायचा.

तर एकोणीसशे नव्व्याण्णव सालचा नाताळ जवळ आला होता. एका बाजाराच्या दिवशी मुरारीनं भागूबाईला आत बोलावलं. त्याच्या हॉटेलात फोन होता, आणि विनोदचा फोन येऊन गेला होता. मुरारीला फोनवर हळू बोलता येत नसे. मुंबई लांब आहे म्हणून तो मोठ्यानं बोलायचा. त्यामुळे विनोदचा निरोप भागूबाईच्या आधी चहा पिणाऱ्या सगळ्या पोलादपूरकरांना कळला होता.

निरोप असा होता. विनोदच्या कंपनीतली माणसं येणार आहेत, सगळी नवशिकी, त्यांना डोंगर दाखवायचा आहे. त्यांत एक मुलगी आहे. विनोदला ती पसंत, तिला विनोद पसंत. माणसं मूळची दासगावची, आपल्यातलीच, पण ती वाढलेली मुंबईत. तिच्या बापानं सांगून ठेवलंय, जिथं रिक्षा जात नाय तिथं पोरगी देणार नाय. त्यावर मुलगी बापाला म्हणाली, आधी मी चढून बघते. एकदा चढल्यावर पुन्हा चढावंसं वाटलं तर हो, नाही वाटलं तर नाही, आणि का नाही ते मला कुणी विचारायचं नाही. तिची एकच अट. बरोबरच्यांना हे कळता कामा नये, आणि घरीही कुणाला आधी सांगायचं नाही, नाहीतर सगळी सोंगं करतील. विनोदनं तिला शब्द दिला होता. आणि शब्द देऊन झाल्यावर त्यानं मुरारीला फोन केला होता.

"नाव काय पोरीचं?" भागूबाईनं विचारलं.

नाव सांगतच होता, मुरारी म्हणाला, तेवढ्यात लाइन गेली. कोपऱ्यात भजी खाणारा एक म्हातारा म्हणाला, नाव कशाला पायजे, सून वळखता आली नाय तर सासू कसली?

भागूबाईला ते पटलं. पण डोंगर चढताना ती दुसराच विचार करत होती. त्या पोरीनं नाही म्हटलं तर विनोद भांडायचा नाही, रडायचा नाही. तो फक्त यायचा बंद होईल. आधी शिमगा चुकेल, मग गणपती.

ठरल्या दिवशी भागूबाई पायथ्याच्या गावातच होती. आदल्या दिवशी तिनं चंद्री म्हशीला तिथल्या रेड्याकडे आणलं होतं, रात्री ओळखीच्या घरी राहिली होती, आणि आता म्हशीसकट स्टॉपवर उभी होती. एस.टी. थांबली आणि विनोदच्या मागोमाग सातआठ जण उतरले. प्रत्येकाच्या पाठीवर पोत्याएवढी बॅग, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या. त्यांचा म्होरक्या ओंकार, विनोदचा सुपरवायझर. तो आधी एकदा एक डोंगर चढला होता, त्यामुळे या मंडळींत तो जुनाजाणता. त्याच्या खांद्यावर कड्यावरून उतरायचा निळा दोर होता. त्या दोराला त्या दिवशी काहीच काम पडलं नाही. निघताना तो त्यानं सोनबाला दिला, आणि त्या गोठ्यात पुढे कितीतरी वर्षं वासरं त्याच दोराला बांधली गेली.

बाकी सगळे लांबूनच "नमस्ते काकू" म्हणाले. एक मुलगी मात्र पुढे आली आणि भर रस्त्यात वाकून भागूबाईच्या पाया पडली. गळ्यात पिवळी ओढणी, तोंड हसरं, नाव सांगितलं पूनम. झालं. भागूबाईला आणखी काही बघायचं राहिलं नाही. मुंबईची पोर आणि धुळीत वाकते, ती उगाच वाकते काय? तिनं कनवटीचा तिळाचा लाडू काढला आणि तिच्या हातावर ठेवला. एकच होता.

विनोदनं ते पाहिलं आणि तो काहीतरी बोलायला गेला, पण सगळे जवळ उभे. तो तसाच बॅगेचा पट्टा ओढत राहिला.

मग ओंकारनं विचारलं, ही म्हैस खाली कशाला आणली होती? भागूबाई म्हणाली, "लगीन व्हतं तिचं."

सगळे हसले. मागे उभी असलेली एक बुटकी, नव्या कोऱ्या बुटांतली मुलगी तेवढी हसली नाही, ती खाली बघायला लागली. तिचं नाव मीना. भागूबाईचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती पूनमकडे बघत होती.

वाट सुरू झाली. विनोद सगळ्यांच्या पुढे निघाला. मीनाच्या बरोबरीनं चाललो तर लोकांना कळेल, या धाकानं तो इतका पुढे गेला, की जणू त्याला कुणाशी काही घेणंदेणंच नाही. त्याच्यामागे ओंकार, पूनम आणि बाकीचे, गाणी म्हणत. सर्वांत मागे चंद्री, आणि चंद्रीच्या मागे भागूबाई. आयुष्यात ती त्या वाटेवर कुणाच्या पुढे चालली नव्हती. गुरं राखणारा माणूस मागूनच चालतो. पुढे चालला तर मागे कोण बसलं, कोण चरायला वळलं, त्याला काय कळणार?

पहिल्या चढावालाच गाणी थांबली. दुसऱ्या चढावाला एक जण मागे पडायला लागली, ती म्हणजे मीना. नवे बूट टाचेला चावत होते, छाती भात्यासारखी हलत होती. ती एकेका दगडावर बसायची, चंद्री तिला ओलांडून जायची, आणि मग भागूबाई तिच्या मागे येऊन उभी राहायची. हात द्यायची नाही, चल म्हणायची नाही. जीभ टाळ्याला लावून, म्हशीला करतात तसा नुसता आवाज करायची, टॉक, टॉक.

तिसऱ्यांदा तसं झाल्यावर मीनानं मागे वळून पाहिलं. "मावशी, मी म्हैस आहे का?"

"म्हस असतीस तर येवाना वर पोचली असतीस," भागूबाई म्हणाली. "तुला कुणी सांगितलं व्हतं गो यायला?"

"मीच म्हटलं, बघावं."

"काय बघावं?"

"जमतं का ते."

भागूबाईला ती पोर आवडली. जमत नव्हतं, पण रडत नव्हती, आणि बाटलीतलं पाणी आधी दुसऱ्याला विचारून पीत होती. म्हणून मग चालता चालता भागूबाईनं तिला आपली गोष्ट सांगितली, जी तिनं विनोदलाही कधी सांगितली नव्हती.

ती सवची. ऊन पाण्याच्या कुंडांचं गाव. लग्न होईपर्यंत तिनं चूल पेटवून अंघोळीचं पाणी तापवलेलं नव्हतं. लग्नानंतर नणंदा तिला घेऊन याच वाटेनं निघाल्या आणि हसत-खिदळत पुढे पळाल्या. याच चढावाला ती नवी नवरी खाली बसली, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, मला हितंच सोडा. सासू कडक बाई. ती रागावली नाही, समजूत घातली नाही, हात धरला नाही. मागे उभी राहिली आणि म्हशीला करतात तसा आवाज केला. "मला आसा राग आला गो. मी काय जनावर हाय? रागानं उठले, रागानं चढले. घरात पोचल्यावर ध्यानात आलं, म्हातारी सगळ्या वाटेत माज्या पुढं येक पाऊल गेली नव्हती."

मीनानं विचारलं, मग डोंगर आवडला का? भागूबाई म्हणाली, कुठला, पहिली कितीतरी वर्सं ओट्यावरनं खाली सवची दिशा बघत बसायची. मग एकदा माहेरी गेली आणि डास नि उकाड्यानं झोपच येईना. तेव्हा कळलं, की आता हिकडची झाले.

आणि बोलण्याच्या भरात, मन मोकळं झालं म्हणून, तिनं आपलं गुपितही सांगून टाकलं. पुढे गेलेली ती पिवळ्या ओढणीवाली हाय ना, ती आमची सून व्हायची हाय. कुणाला बोलू नको.

मीना चालता चालता थांबली. "असं? तिला माहीत आहे?"

"तिला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. फक्त बोलायचं नाय."

"आणि तिला डोंगर नाही आवडला तर?"

भागूबाईनं काठीनं वाटेवरचा खडा बाजूला केला. "तर नाय. जबरीनं हितं कोण राहतंय? ती पोर चांगली हाय, पण नाय म्हणाली तरी वाईट नाय व्हायची. माजा पोरगा तेवढा यायचा बंद होईल. त्याचीच भीती वाटते गो."

मीना पुढे वळली आणि एवढा वेळ बसत-उठत चाललेली ती पोर न बसता पुढचा अख्खा चढ चढली.

वर खिंडीपाशी वाट फुटते. उजवीकडची वाडीला जाते, डावीकडची गवताच्या उतारावरून कड्याच्या तोंडाशी जाऊन संपते. डाव्या वाटेच्या धुळीत बुटांचे ठसे होते. भागूबाईनं ते पाहिले आणि ती जागीच थांबली. तिथं एक हिरड्याचं जुनं झाड होतं. हिरडा आला की उजवीकडे वळायचं, हे विनोदला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण तो हिरडा गणपतीनंतरच्या वादळात पडला होता, आणि लाकूड लोकांनी नेलं होतं. विनोद हिरड्याची वाट बघत सरळ गेला असणार. आणि भागूबाईला हे सांगायचं सुचलंच नव्हतं. म्हशींना कुणी सांगितलं होतं, की झाड पडलंय? त्या वळल्याच ना आपापल्या? वाट ही पायांना माहीत असते, ती झाडांनी दाखवावी लागते हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मागून चालण्यात एवढी एक खोट होती, आणि ती तिला त्या दिवशी कळली.

डिसेंबरचं वाळलेलं गवत, त्यावर गुळगुळीत तळाचे बूट. आणि पुढे सून.

तिनं चंद्रीची शेपटी मीनाच्या हातात दिली. हिला सोडू नको, ही घरलाच जाते, म्हणाली. मीनानं विचारलं, मी एकटी? एकटी कुठं, चंद्री हाय की, असं म्हणून भागूबाई लुगड्याचा काचा आवळत डावीकडे पळाली.

ती पोचली तेव्हा सगळे उताराच्या मध्यावर बुडं टेकून बसले होते. वर यायची भीती, खाली जायची त्याहून भीती. ओंकार सगळ्यांना शांत राहा म्हणत होता आणि स्वतः गवताचा झुपका दोन्ही हातांनी धरून होता. विनोदचं तोंड पांढरं. भागूबाईनं आधी पूनमला उठवलं. काचेची बरणी न्यावी तशी, टाचा रोवायला सांगत, तिरकी तिरकी वर आणली. मग बाकीच्यांना. शेवटी विनोद वर आला, धापा टाकत त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली आणि विचारलं, "आये, मीना कुठं हाय?"

विचारलं साधंच. पण पोराचा चेहरा भागूबाईनं पाहिला. आईला आणखी काय लागतं? तिच्या डोळ्यांपुढे सगळी वाट उलटी उभी राहिली. लाडू कुणाला दिला, टॉक टॉक कुणाला केलं, आणि सुनेचं गुपित कुणापाशी बोलली.

"म्हशीच्या शेपटाला लावून दिलीय," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळ्यांच्या पुढे चालत होती.

वाडीत पोचले तर ओट्यावर मीना बसलेली. बूट-मोजे काढलेले, पाय पाण्याच्या पातेल्यात. सोनबा तिच्या टाचेला तूप-हळद कशी लावायची ते सांगत होता आणि गुडघ्याची, उडवीची, वाघाची अशा तीन गोष्टी एकदम सांगत होता. चंद्री अंगणात रवंथ करत उभी. सोनबाला या पोरीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. म्हशीमागून कुणीतरी आलं एवढंच त्याला ठाऊक, आणि त्याला तेवढं पुरे होतं.

भागूबाई ओट्याशी जाऊन उभी राहिली. मीनानं तिच्याकडे पाहिलं, मग पूनमकडे, आणि अगदी गंभीर तोंडानं विचारलं, "मावशी, तुमची सून नीट पोचली ना?"

भागूबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती चुलीकडे पळाली.

त्या संध्याकाळी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि खरवस झाला. पण मीना हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, आणि का ते विचारायचं नाही अशी अट. विनोद ताटातली भाकरी नुसतीच कुस्करत बसला. भागूबाई वाढताना हिशेब करत होती, की पोरीची टाच सोलली, तिला जनावरासारखं हाकलं, एकटीला वाऱ्यावर सोडलं, आणि वर दुसरीलाच सून केलं. यातून पुन्हा चढावंसं वाटायला काय उरलं? खरवसाचा मोठा तुकडा तिनं मीनाच्या ताटात ठेवला, आणि हा लाडवाच्या ऐवजी दिलाय असं तिला वाटेल म्हणून पुन्हा उचलायला हात पुढे केला. मीनानं ताट मागे ओढून घेतलं.

सकाळी सगळे निघाले. आता खाली उतरून सवला जायचं, कुंडात पाय शेकायचे, असं ओंकारनं ठरवलं होतं. बॅगा पाठीला लागल्या. मीना बुटाची नाडी बांधून उठली, भागूबाईसमोर आली, आणि वाकली नाही. सरळ उभी राहून म्हणाली,

"आई, मी येईन. पण विनोदच्या मागून नाही येणार, त्याला त्याचा डोंगर सापडत नाही. मी चंद्रीच्या मागून येईन. आणि तुम्ही माझ्या मागून यायचं."

अंगणात क्षणभर कुणालाच काही कळेना. मग ओंकारला कळलं, मग बाकीच्यांना, आणि सर्वांत शेवटी पूनमला. ती म्हणाली, मग तो लाडू मला का दिला? भागूबाई म्हणाली, पाया पडलीस म्हणून. ओंकार म्हणाला, काकू, ही एस.टी.च्या ड्रायव्हरच्याही पाया पडली होती, आजीनं लावलेली सवय आहे तिची. सोनबा इतका हसला, की त्याचा दुखरा गुडघा पण हलला. त्याच दिवशी विनोदनं खिंडीत पडलेल्या हिरड्याच्या जागी दगडांची उतरंड रचली. ती रचताना सगळ्यांनी त्याला जे जे ऐकवलं, ते मुरारीच्या हॉटेलात आजही कुणी कुणी सांगतं.

लग्न मे महिन्यात झालं, आणि वाडीतच झालं, कारण मीनाची तशी इच्छा. दासगावची मंडळी सावित्री नदीच्या काठची, सपाटीवर चालणारी. त्यांना डोंगर चढवायला मुंबईहून ओंकारची टोळी आली. ती आता अनुभवी झाली होती. श्वास कसा घ्यावा, पाणी कधी प्यावं, हे दासगावच्या म्हाताऱ्यांना समजावून सांगत होती. पुढे चंद्री, गाभण, शिंगांना झेंडूच्या माळा. तिच्यामागे हळदीच्या अंगानं मीना, पायांत तेच बूट. आणि शेवटी, काठी घेऊन, भागूबाई.

मधल्या चढावाला मीनाचे वडील सयाजी थांबले. अंगानं भारी माणूस, त्यातून मूळचाच नाराज. हातातली छत्री टेकून एका धोंड्यावर बसले आणि म्हणाले, मी हितंच बसतो, अक्षता हितनंच टाकतो, तुमी व्हा पुढं. ओंकारनं सांगून पाहिलं, भावकीनं सांगून पाहिलं. सयाजी हलेनात. रिक्षाचा विषय निघाला. लग्नाची वेळ जवळ येत चाललेली.

भागूबाईनं डोईवरचा पदर पुढे ओढला. व्याह्याला हात लावता येत नाही, विहिणीनं व्याह्याला चार शब्द सुनावणंही बरं दिसत नाही. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि जीभ टाळ्याला लावली.

सयाजींनी मान वळवली. "विहीणबाई, मला म्हस समजलात काय?"

"नाय वो," भागूबाई म्हणाली. "म्हस येवडी बसत नाय."

सयाजींचं तोंड लाल झालं. छत्री आपटून ते उठले आणि रागानं चढायला लागले. भागूबाई त्यांच्या मागे, एक पाऊल सोडून. आणि वरच्या वळणावरून, मागे न बघता, नवरीनंही तोंडानं तसाच आवाज केला, टॉक, टॉक.